जाऊन-येऊन पाव मैल

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, चपला आणायला जातात, रस्सा प्यायला जातात आणि परत आल्यावर पोटाचा डॉक्टर शोधतात. मी गेलो होतो मोटरसायकलींच्या शर्यतीची पत्रकं पोचवायला. नाशिकला माझा छोटा छापखाना आहे. कोल्हापुरात छापखाने नाहीत असं नाही, पण माझा मेहुणा उदय याचा पक्का समज आहे की बहिणीच्या नवऱ्याचा छापखाना म्हणजे आपलाच छापखाना. त्यामुळे दोन हजार चार सालच्या मे महिन्यात, शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जात असताना, मी पत्रकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो.

पत्रकावर मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं : भव्य ड्रॅग रेस. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या करायच्या, बावटा पडला की सरळ रस्त्यावर पाव मैल जीव खाऊन पळवायच्या. जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, चढ नाही, विचार नाही. एवढ्यासाठी पोरं वर्षभर गाडीचं इंजिन उघडतात आणि बंद करतात. शर्यत सुरू होऊन संपते तेवढ्या वेळात माझा चष्मा पुसून होत नाही.

उदयला हे कशासाठी हवं होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही थट्टा केली तरी गैरसमज नको. माझ्या बायकोला दोन भाऊ होते. धाकटा अजित दोन वर्षांपूर्वी कळंब्याच्या रस्त्यावर मित्राशी पैज लावून गाडी पळवत होता आणि समोरून उसाची ट्रॉली आली. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. तेव्हापासून उदयच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पोरं पळवायची थांबणार नाहीत, तर निदान बंद केलेल्या रस्त्यावर आणि हेल्मेट घालून पळवू देत. यंदा पहिल्यांदा ते जमून येत होतं. एका गावानं एका सकाळपुरता रस्ता द्यायचं कबूल केलं होतं. सगळं नीट पार पडलं तर दर वर्षी रस्ता मिळणार होता, आणि काही वेडंवाकडं झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

मला स्वतःला हा सगळा मूर्खपणा वाटत होता. निघताना बायको एवढंच म्हणाली, "उदयला म्हणावं, करशील ते नीट कर." आणि आत गेली.

कोल्हापूर

कोल्हापुरातला माणूस समोर बसलेल्याशी बोलतो तेव्हा तो समोरचा पंचगंगेच्या पलीकडच्या काठावर उभा आहे असं धरूनच बोलतो. स्टँडवर उतरलो तेव्हा उदयनं मला फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारली आणि माझ्याबरोबर आणखी चार-पाच दाजींनी मागे वळून बघितलं.

"दाजी, काय खाल्लंय का न्हाय?"

मी खाल्लं होतं, हे मी सांगितलं. या उत्तराचा तिथे काही उपयोग नसतो. आम्ही थेट मिसळीच्या दुकानात गेलो. आमच्या नाशिकलाही मिसळ मिळते. ती खाल्ल्यावर माणूस पेपर वाचतो. कोल्हापूरची खाल्ल्यावर माणूस बराच वेळ नुसता बसून राहतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येताना बघून मालकानं लाल रश्श्याची वाटी पुढे करत आपुलकीनं विचारलं, "पावणं, कट आनू का आजून?"

घरी सासूबाईंनी पाणी दिलं, लेकीची खुशाली विचारली आणि पत्रकांच्या गठ्ठ्यांकडे न बघता त्यांच्या बाजूनं निघून गेल्या. उदय हळू आवाजात म्हणाला, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं, "आई ह्यावर काय बोलत न्हाय. व्हय बी न्हाय आन् न्हाय बी न्हाय."

संध्याकाळी प्रचाराला सुरुवात झाली. एका रिक्षाला भोंगा बांधलेला होता आणि आत पोपटराव नावाचे गृहस्थ बसले होते. पोपटराव हे कुस्तीच्या मैदानातले नावाजलेले निवेदक. मोटरसायकल त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती, पण त्यानं त्यांचं काही अडत नव्हतं. "लाल मातीतल्या वाघांनो," ते भोंग्यातून गरजले, "येत्या रविवारी खडकमाळावर लोखंडी घोड्यांची निकाली झुंज!" मी उदयला म्हटलं, अरे, यात झुंज नसते, माती नसते आणि वाघ तर मुळीच नसतो. उदय म्हणाला, "आसू दे की दाजी. लोकं यायला पायजेत."

मग आम्ही एकेका तालमीत आणि मंडळात जाऊ लागलो. प्रचार म्हणजे आपण जायचं, लोकांना सांगायचं आणि निघायचं, असं मी समजत होतो. इथे आपण जायचं आणि आपला सत्कार होतो. पुण्या-नाशकाकडे सत्कार व्हायला माणसाला निवृत्त तरी व्हावं लागतं. कोल्हापुरात नुसतं दारातून आत यावं लागतं. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ आणि फेटा. "नाशिकचे सुप्रसिद्ध उद्योजक" अशी माझी ओळख पोपटराव करून द्यायचे. दुसऱ्या तालमीपासून मी आंतरराष्ट्रीय शर्यतींचा जाणकार झालो. शेवटच्या मंडळापर्यंत मी काय झालो होतो ते मला कळलं नाही, कारण फेटा कानांवर आला होता.

कळंबा आणि खडकमाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उदयच्या गाडीवरून निघालो. कळंब्याला तळं आहे आणि मध्यवर्ती तुरुंग आहे. हवा दोघांनाही उत्तम. तळ्याच्या पुढे एका जागी उदयनं गाडीचा वेग एकदम कमी केला. तिथे काहीही नव्हतं, रस्त्याकडेची झुडपं आणि एक खांब. थोडं पुढे गेल्यावर त्यानं पुन्हा वेग घेतला.

खडकमाळ हे गाव तिथून आत आहे. गावाबाहेर माळावरून नवा डांबरी रस्ता केलेला आहे, सुतानं आखल्यासारखा सरळ. उसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे ट्रॉल्या नाहीत. या रस्त्याला सरकारी मालक असेल तो असो, खरा शब्द आण्णांचा चालतो. आण्णा सत्तरीचे, पूर्वीचे पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, बोलणं अगदी थोडं. कोल्हापुरात थोडं बोलणारा माणूस भेटला की आपोआप भीती वाटते.

दूध पिऊन झाल्यावर आण्णांनी पत्रक डोळ्यांजवळ धरलं.

"अंतर किती म्हनालास?"

"पाव मैल, आण्णा," उदय म्हणाला.

"जाऊन-येऊन?"

"न्हाय. नुसतं जायाचं."

आण्णांनी पत्रक खाली ठेवलं. "आन् माघारी?"

"माघारी काय, हळूहळू येत्यात की. पल्याडच्या पट्टीवर जो आधी पोचला त्यो जिंकला."

"मग लोकांनी काय बगायचं? पाठी?"

उदय पत्रक उलटसुलट करून बघायला लागला आणि मला हसू आवरेना. या भागात बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती होतात. गाडी निशाणापर्यंत जाते, वळसा घालते आणि सुटली तिथेच परत येते. तिथे जो आधी येईल त्याच्यावर गुलाल. पिढ्यान्‌पिढ्या सगळं पब्लिक सुटायच्या जागीच उभं राहतं, कारण सुरुवातही तिथे आणि शेवटही तिथेच.

"जायाला काय," आण्णा म्हणाले, "कुनीबी जातंय."

उदयची मान एकदम खाली गेली. आण्णांना अजितचं माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी आण्णांनी रस्त्याचा शब्द कायम ठेवला, पण एक अट घातली. गावाच्या रस्त्यावर पाहुणे पळणार, तर आधी गावातर्फे सगळ्यांचा सत्कार आणि प्रत्येक गडी फेटा बांधून उभा राहिला पाहिजे. उदयनं लगेच मान डोलावली. मीही डोलावली. एका फेट्यानं काय बिघडतं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. उदयच्या नियमांत पहिला नियम हेल्मेटचा होता आणि माणसाला डोकं एकच असतं, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

जोतिबा

जोतिबाच्या डोंगरावर पत्रकं वाटायची कल्पना पोपटरावांची. "देवाच्या दारात सांगितलं की जिल्हाभर जातंय," असं त्यांचं म्हणणं. डोंगरावर सगळंच गुलाबी आहे. पायऱ्या गुलाबी, दुकानं गुलाबी, बाहेर पडणारा माणूस गुलाबी आणि घामाबरोबर तो रंग कुठे कुठे उतरतो ते मी इथे लिहीत नाही. आमच्याकडे देवाला गुलाल म्हणजे चिमूटभर. इथे आपल्यावर कुणीतरी ओंजळ रिकामी करतं आणि "चांगभलं" म्हणतं, मग आपणही तोंडातला गुलाल थुंकत "चांगभलं" म्हणायचं.

मी एका दुकानदाराजवळ पत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला एक एक द्या. तो अतिशय सज्जन माणूस होता. दर्शन घेऊन परत येतो तर गठ्ठा निम्मा संपलेला. मी खूश झालो. जवळ जाऊन बघितलं तर तो प्रत्येक पत्रकाचा त्रिकोणी पुडा करून त्यात खोबरं आणि गुलाल भरून देत होता.

"कागद लई चांगला हाय, पावणं," तो म्हणाला. "फाटत न्हाय. आजून हाय का?"

म्हणजे आमची भव्य ड्रॅग रेस सोलापूर, बीड आणि लातूरपर्यंत पोचली आणि तिथल्या देवघरांत ठेवली गेली. प्रचार याहून मोठा कुणाचा झाला असेल असं मला वाटत नाही. उदयला हे सांगितलं तेव्हा मी आल्यापासून तो पहिल्यांदा मनापासून हसला.

गगनबावडा

लोकांना बोलावून झालं, पण पळवणारे मिळायचे होते. ते गगनबावड्याच्या रस्त्यावर मिळतात. सकाळी लवकर निघालो. कोल्हापुरात अंगाची लाही होत होती आणि घाटमाथ्यावर धुकं होतं. रस्त्याच्या कडेला बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. खाली कोकण असावं, असं म्हणतात. मला धुक्यात पांढऱ्याशिवाय काहीही दिसलं नाही, तरी मी इतर प्रवाशांसारखं "वा!" म्हटलं.

चहाच्या टपरीपाशी पोरं जमली होती. सगळ्यांच्या गाड्यांचे आवाज मुद्दाम फाडलेले. त्यांचा म्होरक्या पप्या, विशी ओलांडलेला, कपाळावर केसांचा कोंबडा. त्याची गाडी जुनी दोन-स्ट्रोक, आणि तिच्यावर त्याचं इतकं प्रेम होतं की तो चहा पितानाही एक हात तिच्या टाकीवर ठेवून होता. दुसऱ्या हाताच्या कोपरात हेल्मेट लटकत होतं.

"हेल्मेट डोक्यात घालतात," मी म्हणालो. आमच्या नाशिकच्या माणसाला गप्प बसवत नाही.

"घातलं की केस बसत्यात, पावणं," पप्या म्हणाला. "आन् पब्लिकला तोंड दिसत न्हाय. मग जिंकून उपेग काय?"

उदयनं त्याला सगळं समजावून सांगितलं. बंद रस्ता, समोरून कुणी येणार नाही, दोन-दोनच्या जोड्या, पोलिसांचा त्रास नाही, जिंकणाऱ्याला ढाल. पप्या ऐकत होता आणि मान हलवत होता.

"आन् हेल्मेट?"

"सक्तीचं."

"मग न्हाय जमत. आमी हितंच बरं हाय."

उदयनं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "अजित माझा भाऊ."

पप्यानं गाडीवरचा हात काढला. "आज्या?" तो म्हणाला. "आज्या तुमचा भाऊ? माझ्या गाडीचा कार्बुरेटर त्यानंच बशिवलाय."

"त्याचंबी केस लई चांगलं हुतं," उदय म्हणाला आणि गाडीला किक मारली. मला मागे बसायचीही सवड दिली नाही, मी धावत जाऊन बसलो. पोरं येतील की नाही ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही वाटलं, संपलं हे.

पुन्हा खडकमाळ

पोरं आली. सगळी आली. पप्या सगळ्यांच्या आधी आला आणि येताना त्याच्या कोपरात हेल्मेट होतं.

माळावर माणूस मावत नव्हता. ट्रॅक्टर भरून लोक आले होते, भेळवाले होते, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. आणि ही सगळी गर्दी एकाच जागी, सुटायच्या पट्टीपाशी. पाव मैलावर, जिथे शर्यत संपणार होती, तिथे बाभळीखाली बांधलेली एक म्हैस उभी होती. उदय घसा फोडून सांगत होता, "तिकडं जावा, तितं निकाल हाय!" लोक मान डोलवत होते आणि जागेवरून हलत नव्हते. माघारी येणारी शर्यत बघायला पुढे जाऊन कोण उभं राहतं?

मग सत्कार सुरू झाला. तो किती वेळ चालला याची कल्पना यावी म्हणून सांगतो, बाभळीची लांब सावली पार बुंध्याशी येऊन बसली. सरपंचांचा सत्कार, माझा सत्कार, पोपटरावांनी स्वतःच निवेदन करत घडवून आणलेला स्वतःचा सत्कार. शेवटी आण्णांनी स्वतः उभं राहून एकेका पोराला फेटा बांधला. म्हातारा हात, पण पीळ असा की हलणार नाही. पोरं एकदम राजबिंडी दिसू लागली. पप्यानं गाडीच्या आरशात तीनदा बघितलं.

उदय पुढे आला. "आता फेटं काढा आन् हेल्मेट घाला."

आण्णा सावकाश वळले.

"गावानं बांधलेला फेटा गावाम्होरं काढायचा?"

"आण्णा, फेट्यावर हेल्मेट बसत न्हाय."

"मग हेल्मेट ऱ्हाऊ दे."

पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. पप्या हसायला लागला. मी उदयच्या कानाशी लागलो आणि अगदी व्यवहारी सल्ला दिला. म्हटलं, पाव मैलाचा तर प्रश्न आहे, समोरून कुणी येत नाही, आज चालवून घे, रस्ता तरी हातात राहील. उदयनं माझ्याकडे असं बघितलं की मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

"आण्णा," तो मोठ्यानं म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, "रस्ता न्हाय दिला तरी चालंल. परत कवा न्हाय दिला तरी चालंल. पन मोकळ्या डोक्यानं हितनं एकबी गाडी सुटनार न्हाय. माझा भाऊ गेलाय. मला दुसऱ्या कुनाचा घालवायचा न्हाय."

गर्दीतून कुणीतरी "आरं काय हे" म्हणालं. आण्णांची मान खांद्यात आणखी आत गेली. आता हा म्हातारा आम्हाला गावाबाहेर काढणार, अशी माझी खात्री झाली.

उदय आण्णांच्या समोर खाली बसला. "आण्णा, तुमी मैदानात उतरताना फेटा घालून उतरत हुता का?"

"न्हाय."

"मग कुनाकडं द्यायचा?"

आण्णांनी मोडलेला कान चोळला. "वस्तादाकडं," ते म्हणाले.

"मग आज ह्या पोरांचं वस्ताद तुमी व्हा की."

आण्णांनी हातानंच खूण केली. कुणीतरी खुर्ची आणली. ते बसले, धोतर सारखं केलं आणि मांडी पुढे केली. "आना," म्हणाले. एकेक पोरगं आलं, वाकलं, बांधलेला फेटा पीळ न मोडता तसाच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवून गेलं. मांडी भरली तसे फेटे छातीला लागले. मग आण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ज्याचा त्यानं माघारी हितं येऊन न्यायचा. दुसऱ्या कुनाच्या हातात देनार न्हाय."

पोपटरावांना एवढंच हवं होतं. "ऐकलं का मंडळी," भोंगा किंचाळला, "जाऊन-येऊन पाव मैल!"

अशा रीतीनं जगभर मान्य असलेले नियम खडकमाळावर निकालात निघाले. उदय ओरडत होता की पट्टीपलीकडं गाडी थांबवा, सावकाश वळा, हळू या. पण त्याचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मला पाहुणा आणि आंतरराष्ट्रीय जाणकार म्हणून निकालाच्या पट्टीवर पाठवण्यात आलं. तिथे मी, बावटा आणि म्हैस.

पहिली जोडी सुटली. आवाज आला, धूर आला आणि दोन्ही गाड्या माझ्या समोरून गेल्या. डावीकडचा जिंकला. मी रीतसर बावटा हलवला. बघायला म्हशीशिवाय कुणी नव्हतं. तेवढ्यात दोघांनीही ब्रेक दाबले, गाड्या फिरवल्या आणि पुन्हा माझ्या समोरून उलट्या दिशेनं सुसाट गेले. तिकडून आरोळी उठली, गुलाल उडाला. गुलाल उजवीकडच्यावर उडाला होता. जोडीमागून जोडी हेच चाललं. मी एकाला जिंकवायचो आणि गाव दुसऱ्याला. माझ्या निकालाला तिथे म्हशीइतकीच किंमत होती, आणि म्हैस निदान दूध तरी देत असावी.

पप्याची जोडी शेवटची होती. तो माझ्या पट्टीवरून गेला तेव्हा इतका पुढे होता की दुसऱ्याचा आवाज मागून ऐकू आला. मी बावटा वर केला. पण पप्याला बावटा नको होता, त्याला फेटा हवा होता. त्यानं वेग पुरता न मोडताच गाडी वळवली. मागचं चाक कडेच्या खडीवर गेलं. गाडी एकीकडे आणि पप्या दुसरीकडे, रस्त्याखालच्या मोरीच्या दगडी कठड्यावर. डोकं दगडावर आपटल्याचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

मी धावलो. चष्मा कुठे पडला ते कळलं नाही. जवळ गेलो तेव्हा तो उताणा पडला होता आणि हेल्मेटला वरपासून कानापर्यंत तडा गेला होता. मी त्याचं नाव घेतलं. मग त्यानं डोळे उघडले.

"गाडी?" तो म्हणाला.

गाडीचं हँडल वाकलं होतं, ते मी सांगितलं. तो उठून बसला. गुडघा सोलवटला होता, कोपर रक्ताळलं होतं. त्यानं हेल्मेट काढलं, ते फिरवून बघितलं आणि तडा बोटानं चाचपला.

"जीप मागवतो," मी म्हटलं.

"नगो. चालत जातो. फेटा हाय न्हवं तितं माझा."

आम्ही गाडी ढकलत निघालो. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. तिकडे भोंगा बंद पडला होता. त्या सबंध गर्दीतून एक आवाज येत नव्हता, आणि कोल्हापूर जिल्ह्यात असं मी ना आधी ऐकलं ना नंतर. उदय आमच्याकडे धावत येत होता. अर्ध्या वाटेत त्याला पप्या स्वतःच्या पायांवर चालताना दिसला. तो थांबला आणि भर रस्त्यात खाली बसला, दोन्ही हातांत तोंड धरून. आम्ही त्याच्या शेजारी पोचलो तेव्हा पप्या म्हणाला, "दादा, उठा की. आलोय मी." मग उदयही उठून गाडीला हात लावून चालू लागला.

आण्णा खुर्चीवरून उठून उभे होते. मांडीवरचे सगळे फेटे गेले होते. एकच हातात होता.

"ये," ते पप्याला म्हणाले. "तुझाच ऱ्हायलाय."

त्यांनी तो फेटा स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवला आणि जरा दाबून बसवला. मग पब्लिकनं जो आवाज केला त्यानं तिकडे म्हशीनं दावं तोडलं, असं नंतर कळलं. हरलेल्या पप्यावर एवढा गुलाल पडला की जिंकलेल्या पोराला कुणी ओळखेना.

उदय आण्णांसमोर मान खाली घालून उभा राहिला. वेडंवाकडं झालंच होतं. आण्णा म्हणाले, "फुडल्या वर्षी रस्ता हाय. जाऊन-येऊनच. पन येताना गाडी बंद करून, ढकलत. त्याबिगार फेटा न्हाय." आणि मला म्हणाले, "पावणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

घरी आलो तेव्हा उदयनं पप्याकडून मागून आणलेलं ते तडकलेलं हेल्मेट ओट्यावर ठेवलं. सासूबाई आतून आल्या. त्यांनी ते हातात घेतलं, आतून बघितलं, बाहेरून बघितलं आणि पदरानं त्यावरचा गुलाल पुसला. "त्या पोराला जेवायला बोलीव," त्या उदयला म्हणाल्या. शर्यतीबद्दल त्या बोलल्या त्या एवढंच.

मी नाशिकला परतलो. बरोबर नारळांचं पोतं, शालींचा गठ्ठा आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकांची ऑर्डर. तिच्यात अंतराच्या रकान्यात "जाऊन-येऊन" लिहायचं, अशी सक्त ताकीद. दारात बायको उभी होती. लग्नानंतर नाशिकला राहून तिची बोली पार बदलली आहे, पण त्या दिवशी ती म्हणाली, "सगळी आली का माघारी?"

"आली."

"सगळी?"

"सगळी."

तिनं माझ्या हातातलं पोतं घेतलं आणि दाराला टेकवून ठेवलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. कोण जिंकलं, ते तिनं विचारलं नाही.